मधल्या भावाचं पाणी

माझा मधला भाऊ वारला, त्यानंतरही तीन वर्षं त्याच्या वाटणीचं पाणी चालू होतं. हे कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग माझ्या औषधांची चौकशी करतो. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. ज्याला पुरावा नाही ते घडलं असं म्हणायचं नाही, ही सवय हाडात आहे. म्हणून बघितलं तेवढंच लिहितो.

पारनेर तालुक्यात आमची अकरा एकर जमीन आणि एक विहीर आहे. आम्ही चौघे भाऊ. थोरल्याला सगळे दादा म्हणतात, दुसऱ्याला अण्णा. तिसरा मी, नोकरीमुळे नगरला स्थायिक झालेला. चौथा धाकटा, त्याला आता नीट वाचायला दोन चष्मे लागतात, तरी घरात तो धाकटाच. चौघांत मधला कोण असा प्रश्न गणितानं पडायला हवा, पण आमच्याकडे तो कधी पडला नाही. मधला म्हणजे अण्णा.

वडिलांनी वाटणी केली नाही. सातबाऱ्यावर चौघांची नावं एकत्र लावली आणि शेतात तोंडी चार तुकडे पाडले. विहिरीचे तुकडे पडत नाहीत म्हणून दिवसांचे पाडले. पहिला दिवस दादाचा, दुसरा अण्णाचा, तिसरा माझा, चौथा धाकट्याचा, पाचव्या दिवशी पुन्हा दादा. माझा तुकडा दादाच कसतो, त्यामुळे माझं पाणीही तोच घेतो.

अण्णा नगरच्या हॉस्पिटलात वारला. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि पाळीच्या क्रमानं अण्णाचा दिवस आला. दादा त्या दिवशी विहिरीकडे फिरकला नाही. धाकटाही नाही. आणि अण्णाच्या तुकड्यात पाणी वाहायला लागलं.

यात गूढ काही नाही, असं मी तेव्हा म्हणालो. आमचा पंप सौर आहे. ऊन आलं की मोटर आपोआप चालू होते, ऊन गेलं की बंद. भुताच्या गोष्टीला लागणारा अंधार आमच्या विहिरीवर मिळणार नाही. जे काही घडलं ते लख्ख उन्हात. प्रश्न फक्त व्हॉल्व्हचा होता. विहिरीच्या काठावर चार पाइपांचे चार व्हॉल्व्ह आहेत. ज्याचा दिवस त्याचा उघडायचा, बाकीचे बंद ठेवायचे. अण्णाच्या दिवशी सकाळी अण्णाचा व्हॉल्व्ह उघडा असायचा.

मी चौकशी केली. दादा म्हणाला, धाकट्यानं उघडला असंल. धाकटा म्हणाला, वहिनी उघडत असतील, सगळ्यांच्या आधी त्याच उठतात. दादाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या की त्या चावीला माझा जोर पुरत नाही, हेच उघडत असतील. तिघंही खरं बोलत असल्यासारखी दिसत होती. एकदा मुक्कामाला असताना मी दिवस उगवायच्या सुमारास विहिरीवर गेलो. व्हॉल्व्ह उघडाच होता आणि त्याच्या चावीवर दव बसलेलं होतं. म्हणजे उघडणारा दव पडायच्या आधी येऊन गेला होता. एवढ्या पुराव्यावर याहून जास्त अनुमान काढता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकायची. सरी भरली की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीत घ्यावं लागतं. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. त्याला फावडं लागतं आणि फावडं धरणारा माणूस लागतो. अण्णाच्या तुकड्यात माणूस नव्हता, पेरलेलंही काही नव्हतं, तरी संध्याकाळी पार शेवटच्या सरीपर्यंत ओल गेलेली असायची. जमिनीला उतार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. उतार होताही, थोडा. मे महिन्यात आजूबाजूचं रान भाजून निघालेलं असताना तेवढा तुकडा हिरवागार आणि त्यात कमरेइतकं गवत. शेळ्या तिथं खुशाल चरायच्या. त्यांना आमच्या घरातली भानगड माहीत नव्हती.

त्याच सुमारास मी एका कोशासाठी नोंदी लिहीत होतो. युरोपातली राजघराणी माझ्या वाट्याला आली होती, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. त्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक जर्मन ड्यूक घराणं होतं. मुलूख बेताचा, पण बिरुदं सम्राटाला पुरून उरतील एवढी. आमच्या फाट्यावर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटोतल्या इसमाच्या नावाआधी जी विशेषणं असतात, ती वाचायची सवय असल्यानं मला त्या बिरुदांचा त्रास झाला नाही.

या ड्यूकच्या मागं सात मुलगे राहिले. आधीच्या पिढ्यांत वाटण्या होऊन होऊन मुलखाच्या चिंध्या झालेल्या. सात भावांनी बसून ठरवलं की आता वाटणी नाही. थोरल्यानं राज्य करायचं, तो गेला की त्याच्या पाठच्यानं, मग त्याच्या पाठच्यानं. आणि रीतसर लग्न सातांपैकी एकानंच करायचं, म्हणजे पुढं हिस्सेदारच होणार नाहीत. तो एक कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठी सहाव्याला लागली. उरलेल्यांनी शब्द पाळला. एकामागून एक असे चार भाऊ गादीवर बसले आणि गेले, मग गादी पुतण्याकडे आली. चिठ्ठ्यांचा भाग नंतर कोणी रचला असेल अशी शंका मी नोंदीत घातली. संपादकांना शंका आवडतात.

ज्याला चिठ्ठी लागली त्याचा नातू पुढं इंग्लंडचा राजा झाला. त्याच्या वंशातली एक बाई आपलीही महाराणी झाली आणि तिच्या राज्यात साहेबांनी आपल्या जमिनी मोजून दप्तरं बांधली. म्हणजे त्या सात भावांच्या चिठ्ठीचं एक टोक आमच्या तलाठ्याच्या कपाटापर्यंत येतं, असं ओढूनताणून म्हणता येईल. कोशात ते मी लिहिलं नाही.

गावी गेलो तेव्हा ओट्यावर बसून मी दादाला ही गोष्ट सांगितली. दादा चौथीपर्यंत शिकलेला, पण ऐकतो चांगलं. त्यानं विचारलं, लग्न न केलेले सहा जण दिवसभर काय करायचे. मी म्हणालो, शिकार, राज्यकारभार, जे काय राजे करतात ते. समोर अण्णाच्या तुकड्यातलं गवत हलत होतं. मग तो म्हणाला,

"त्यांनी चिठ्ठ्या तरी टाकल्या, मास्तर."

अण्णाचं लग्न झालं नव्हतं. होणार नाही असं कोणी कधी म्हटलंही नव्हतं. त्याच्यासाठी स्थळं आली, पाहुण्यांनी चहा-पोहे घेतले, आणि वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी दुष्काळ होता. त्याच्या पुढच्या वर्षी मला नोकरी लागली म्हणून माझं आधी उरकलं. मग धाकट्याचं, कारण मुलगी चांगली होती आणि दोघांचा मांडव एकदम घालायचा तर अण्णासाठी मुलगी शोधायला वेळ नव्हता. अण्णा माझ्या लग्नात वाढप्यांवर देखरेख करत होता. नंतर स्थळं यायची थांबली. अण्णा विहिरीजवळच्या खोपीत राहायला गेला आणि चौघांच्याही रानात दारं धरायचा. चार चुलींपेक्षा तीन बऱ्या, असा हिशोब वडिलांच्या मनात होता की नाही, मला सांगता येणार नाही. अण्णानं दारं धरली म्हणून मला कॉलेजात बसून युरोपचा इतिहास वाचता आला, एवढं सांगता येतं. त्यानं मला एकदाच विचारलं होतं, तुझ्या त्या पुस्तकांत पाण्याचं काही असतं का. मी हसलो होतो.

आता लग्न अडलं होतं ते धाकट्याच्या मुलाचं.

पुतण्या चौतिशीचा. शेती बघतो आणि फाट्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. निर्व्यसनी, कष्टाळू, डोक्यावर केसही बऱ्यापैकी. हे सगळे गुण असून मुलगी मिळत नव्हती, कारण शेतकऱ्याच्या पोराला मुलगी द्यायची नाही, असं सगळ्या जिल्ह्यानं न ठरवता ठरवलेलं आहे. सात-आठ घरांनी नाही म्हटल्यावर बेलापूरकडचं एक स्थळ आलं. मुलीला हा आवडला, याला मुलगी आवडली, दोघं फोनवर बोलायला लागले. पुतण्याचा चेहरा बदलला होता. दुकानात बसून तो शिट्टी वाजवायचा, हे धाकट्यानं मला तक्रार केल्याच्या सुरात सांगितलं.

मुलीचे वडील कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारे. त्यांना आमची कोरडवाहू जमीन म्हणजे चेष्टाच. पण मुलीपुढं त्यांचं चालत नव्हतं. त्यांनी मोबाईलवर आमचा सातबारा काढला, त्यावर चार नावं बघितली आणि अट घातली: साखरपुड्याआधी मुलाचा हिस्सा कागदावर वेगळा दिसला पाहिजे, आणि त्या बिनलग्नाच्या काकांच्या हिश्श्याचं काय करणार तेही आत्ताच कळलं पाहिजे. अट रास्त होती. मी असतो तर मीही घातली असती.

अडचण अशी की सातबाऱ्यावर अण्णा जिवंत होता. हॉस्पिटलनं दिलेल्या कागदावरून काढलेला मृत्यूचा दाखला दादाच्या ट्रंकेत पडून होता, तलाठ्याकडे गेलाच नव्हता. धाकट्यानं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा दादा जागचा उठून गेला. शेवटी पुतण्या नगरला माझ्याकडे आला. फार बोलला नाही. चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि म्हणाला, "काका, ही पण गेली तर मी परत कुठं बघायला जायचा न्हाई. तुमी दादांशी बोला."

मी बोललो. कायदा सांगितला, वारसनोंद म्हणजे काय ते सांगितलं, उशीर केला तर काय घोळ होतात तेही. दादा शांतपणे ऐकत होता.

"बापानं चौघांची नावं लावली," तो म्हणाला. "त्यातलं एक पुसायचं तर मी कोन? ज्याचं हाय त्यानं सांगावं."

"दादा, तो गेलाय."

"पानी तर चालू हाय."

मी नगरची एसटी धरली. सात भावांचा करार मी एका संध्याकाळी सहाशे शब्दांत बसवला होता.

मुलीकडचे पाहुणे जमीन बघायला यायचे ठरले, त्या दिवशी नेमका अण्णाचा दिवस आला. धाकट्यानं विनवलं, आजच्या पुरतं पाणी आपल्या कांद्यात सोडू, पाव्हण्यांना बरं दिसेल. दादा म्हणाला, पाळी म्हणजे पाळी. मीही त्या दिवशी गेलो होतो, प्रोफेसर काका दाखवायला बरा असतो म्हणून.

माघाचं ऊन होतं. पाहुणे अकराच्या सुमारास आले. मुलीचे वडील, तिचा मामा आणि मध्यस्थ. ओट्यावर पाणी झालं, आणि मुलीचे वडील म्हणाले, पोहे होईपर्यंत मी जरा विहीर बघून येतो. एकटेच गेले. थोड्या वेळानं वहिनींनी मला त्यांना बोलवायला पाठवलं. रान ओलं असेल म्हणून मी बूट काढले आणि दाराजवळच्या रबरी चपला पायात सरकवल्या.

ते काठावर उभं राहून आत वाकून बघत होते. मोटर चालू होती. पुढं काय झालं ते मी शब्दशः लिहितो, कारण नंतर मी ते पुष्कळदा आठवून बघितलं आहे. त्यांनी विचारलं, "तुम्ही कितवे?" मी म्हणालो, "तिसरा." ते म्हणाले, "पाणी बरंय की." मी म्हणालो, "उन्हाळ्यात बघा." मग मी पोहे झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी एक चक्कर मारून येतो. मी परत फिरलो. वळून बघितलं तेव्हा ते अण्णाच्या तुकड्याकडे चालले होते. एवढंच.

यायला त्यांना चांगला पाव तास लागला. आल्यावर पायावरचा चिखल धुतला, ताटली हातात घेतली आणि जाताना होते त्यापेक्षा मोकळेपणानं म्हणाले, "तुमचे मधले बंधू भेटले. लई साधा माणूस."

धाकट्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. वहिनी आत होत्या, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, मी तिसरा म्हणालो ते मोटरीच्या आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नाही. आम्ही चौघे नाकाडोळ्यांनी सारखे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादानं विचारलं, काय म्हणाला.

"हिश्श्याचंच बोलले. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच काढलं. म्हणाले, माझ्यामागं कोन न्हाई, माझं पोराला द्या. दादाला सांगा, लई दिवस दारं धरली, आता पुरं."

मध्यस्थाला हे चांगलं लक्षण वाटलं असावं, त्यानं आणखी पोहे मागितले. दादानं पाहुण्यांना फक्त एक गोष्ट विचारली: तो उभा होता की बसलेला. पाहुणे म्हणाले, फावडं आडवं टाकून त्याच्या दांड्यावर बसले होते. दादानं मान हलवली. अण्णा वाडीवरच्या इतर माणसांसारखा बांधावर टेकायचा नाही, फावड्याच्या दांड्यावरच बसायचा, हे बेलापूरच्या माणसाला कळायचं कारण नव्हतं. मी तर त्या दिवशी फावड्याला हातही लावला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी जमेल तेवढे खुलासे गोळा केले. शेजारच्या रानातला कोणी थट्टेखोर असेल. पण शेजारचे सगळे त्या दिवशी पारनेरच्या बाजाराला गेले होते. धाकट्यानं पाहुण्यांना आधीच फोनवर पढवलं असेल. मी त्याला गोठ्याआड गाठून विचारलं, तर त्यानं पोराच्या डोक्याची शपथ घेतली आणि मग रडवेला होऊन म्हणाला, "भाऊ, मला येवढी अक्कल आसती तर मी आधीच न्हाई का लावली?" हे मला पटलं. मुलीचे वडीलच बेरकी असतील आणि त्यांनी मध्यस्थाकडून सगळं काढून घेतलं असेल. हा खुलासा सर्वांत बरा होता. फक्त त्यांचा चेहरा आठवला की तो टिकत नव्हता.

दिवे लागायच्या वेळी दादानं मला हाक मारली. तो ओट्याच्या पायरीवर बसला होता. माझे बूट त्यानं स्वतःच्या हातानं माझ्यापुढं आणून ठेवले होते. मी अजून त्या रबरी चपलांतच होतो.

"विहिरीवर तू गेल्तास."

"गेलो होतो."

"खरं सांग मला. हिश्श्याचं तू बोल्लास?"

मला प्रश्नाची धार कळली. मी हो म्हणालो असतो तर सगळं जगाच्या नियमात बसलं असतं. पाहुण्याचा गैरसमज, तिसऱ्या भावाचा आगाऊपणा, बाकी काही नाही. इतकी वर्षं वर्गात मुलांना जे सांगितलं त्याच्याशी ते सुसंगत झालं असतं. आणि पुतण्याचं लग्न मोडलं असतं, कारण माझ्या शब्दावर दादा ते नाव पुसणार नव्हता. त्याला अण्णाचा शब्द हवा होता. नाही म्हणालो तर तो शब्द अण्णाचाच ठरत होता, आणि ठरवणारा मी.

दोन्हींपैकी खरं एकच होतं.

"नाही," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "त्या काढ आता. त्याच्या हायेत." आणि आत जाऊन त्यानं ट्रंक उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तो दाखला घेऊन तलाठ्याकडे गेला. मी बरोबर होतो. तलाठी तरुण आणि सभ्य होता. तारीख बघून त्यानं विचारलं, तीन वर्षं का थांबलात.

"त्याचं काम चाललं हुतं," दादा म्हणाला.

तलाठ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. रीतसर नोटीस लागली, मुदत गेली आणि अण्णाच्या नावाला सातबाऱ्यावर कंस पडला, म्हणजे ते कमी झालं. मग दादानं आणि मी अण्णाच्या हिश्श्यातला आमचा हक्क धाकट्याला सोडून दिला आणि धाकट्यानं तो मुलाच्या नावावर केला. सगळे कागद बेलापूरला पाठवले. मुलीच्या वडिलांनी ते एकेक करून वाचले, असं मध्यस्थानं सांगितलं. मृत्यूच्या दाखल्यावर ते बराच वेळ थांबले, घडी घातली, पाणी मागितलं आणि साखरपुड्याची तारीख धरा म्हणाले. दुसरं काही नाही.

कंस पडल्यानंतरच्या पहिल्या पाळीला पुतण्या विहिरीवर गेला. अण्णाचा दिवस आता त्याचा होता. व्हॉल्व्ह बंद होता. त्यानं चावी फिरवायला बघितली तर फिरेना. पान्हा लावला तरी फिरेना. गंजून सगळा एकजीव झालेला. त्यानं मला फोन करून विचारलं, काका, हा किती वर्षं उघडला नसेल. तो मोटरी आणि व्हॉल्व्ह यांतच दिवस काढणारा माणूस, त्याला अंदाज असणार. तरी मला विचारत होता. मी म्हणालो, आपल्याकडचं पाणी क्षाराचं आहे, धरतो गंज. त्यानं व्हॉल्व्ह कापून नवा बसवला.

साखरपुड्याला मला ताप होता, जाता आलं नाही. लग्न हायवेवरच्या मंगल कार्यालयात झालं. मुहूर्त जवळ आला तरी माइकवाला सोडत नव्हता. माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सोसायटीचे संचालक, प्रत्येकाला नावानिशी बोलावून फेटा आणि शाल. एका गृहस्थाचा सत्कार दोन वेगवेगळ्या पदांवर दोनदा झाला. मलाही फेटा बांधला. आरशात बघायचं मी टाळलं. फेट्यात आम्ही भाऊ फारच सारखे दिसतो.

पुतण्या अंतरपाटाअलीकडे उभा होता. त्याला घाम आला होता आणि तो हसत होता, दोन्ही एकदम. भटजी घड्याळ बघत होते. दादा नवऱ्यामुलाच्या मागं, जिथं मामानं उभं राहायचं असतं तिथं, मामाला बाजूला सारून उभा होता.

तेवढ्यात मुलीचे वडील गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आले. मध्यस्थानं ओळख करून दिली, हे तिसरे, नगरचे प्रोफेसर. मी नमस्कार केला. विहिरीवर माझ्याशी पाण्याविषयी बोललेला माणूस हाच होता, त्यात शंका घ्यायला जागा नाही. त्यांनी हात जोडले आणि माझ्या डोळ्यांत बघत सावकाश म्हणाले,

"आपली भेट झाली नव्हती."

तो प्रश्न नव्हता. पण ते उत्तराची वाट बघत थांबले. त्यांनी दाखला वाचला होता, त्यावरची तारीख वाचली होती. विहिरीवर भेटलो तो मीच, असं मी म्हटलं असतं तर त्यांना लगेच पुढचं विचारावं लागलं असतं, मग तुकड्यात फावड्यावर बसलेला तो कोण, आणि ते त्यांना आपल्या मुलीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, विचारायचं नव्हतं. मलाही सांगायचं नव्हतं. मागं माइकवाल्यानं अखेर सत्कार आवरते घेतले आणि भटजींनी सावधान म्हटलं.

"नव्हती," मी म्हणालो. "आज झाली."

त्यांनी मान डोलावली, आपल्या मुठीतल्या थोड्या अक्षता माझ्या तळहातावर ठेवल्या आणि मुलीकडे परत गेले.